वणवा विझवणाऱ्याचं कार्ड

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराला आग लागली तर ती विझवायला कोण जाणार, हे ती कुंपणाच्या कुठल्या बाजूला पेटली यावर ठरतं. आत पेटली तर वन विभाग. आरेच्या गवतात पेटली तर जमीन बरीचशी दुग्धविकास विभागाची, पण फोन जातो मुंबई अग्निशमन दलाला. गोरेगावच्या चित्रनगरीमागच्या उतारावर पेटली तर तिथलं व्यवस्थापन वेगळं. येऊरकडे ठाणे महापालिकेचं अग्निशमन दल, आणि त्याच डोंगरावर हवाई दलाचं केंद्र. तुळशी आणि विहार तलावांपाशी महापालिकेचं जलखातं, कान्हेरीच्या लेण्यांपाशी पुरातत्त्व खातं. सुमारे 104 चौरस किलोमीटरचं हे रान मुंबई उपनगर आणि ठाणे अशा दोन जिल्ह्यांत पसरलंय. नकाशावर या सगळ्या हद्दी वेगवेगळ्या रंगांनी दाखवता येतात. फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवतात त्यातली एकही दिसत नाही.

यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे समन्वय समिती. बैठक होते, इतिवृत्त लिहिलं जातं, प्रत्येक खात्याच्या एका अधिकाऱ्याचा मोबाइल नंबर यादीत जातो. त्याला माझी हरकत नाही. पण खरी अडचण अधिकाऱ्यांच्या पातळीवर नाही, आगीच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांच्या पातळीवर आहे. तिथे पाच खात्यांची माणसं एकत्र येतात आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काय येतं, कितपत येतं, हे एकालाही माहीत नसतं.

मी मुलुंडला राहते. गेली काही वर्षं थंडीत जाळरेषा काढायच्या कामाला हात लावायला जाते. जाळरेषा म्हणजे रानात मुद्दाम मोकळा केलेला पट्टा. गवत कापायचं, वाळू द्यायचं, आणि वारा पडलेला असताना, माणसं दोन्ही कडांना उभी करून, ते जाळून टाकायचं. मग मार्चमध्ये आग तिथवर आली की तिला पुढे खायला काही उरत नाही. काम कंटाळवाणं, पण डोंगर वाचतो तो बहुतेक वेळा याच कामामुळे.

अशाच एका मार्चमधल्या दुपारी रानाच्या कडेला गवत पेटलं. अर्ध्या तासात तिथे चार प्रकारचे लोक जमले. रस्त्यावर बंब उभा राहिला, त्याचा पाइप जिथवर पुरला तिथवर पुरला. पाड्यावरचे फायर वॉचर, म्हणजे वन विभागाने आगीच्या हंगामापुरते नेमलेले राखणदार, हिरव्या फांद्या तोडून आगीची कड झोडपायला लागले. जवळच्या कुठल्याशा आवाराचे सुरक्षारक्षक बादल्या घेऊन आले. आणि माझ्याबरोबरचे तीन-चार तरुण, मनापासून मदत करायला आलेले, वरच्या अंगाने जाऊन आग अडवावी म्हणून उतार चढायला लागले. त्यांना ओरडून खाली बोलावलं ते एका वयस्क वॉचरने. आग खाली, आपण वर आणि मध्ये गुडघाभर वाळलेलं गवत, यात माणूस जळतो, हे त्याला माहीत होतं. आम्हा बाकीच्यांना नव्हतं. तरुणांनी त्याचं लगेच ऐकलं नाही. कारण त्याच्या अंगावर गणवेश नव्हता, पायात स्लिपर होत्या, आणि तो कोण हे सांगणारा कागद कुणाकडेच नव्हता. पाच मिनिटांनी वारा फिरला आणि तो उतार वरपर्यंत काळा झाला. मुलं तोवर खाली आली होती. यात कुणाचीच चूक नव्हती, म्हणूनच ती पाच मिनिटं मी विसरू शकत नाही.

शहरातला अग्निशामक घडतो तो इमारतीसाठी. सहा महिन्यांच्या मूलभूत अभ्यासक्रमात तो होज, शिडी, श्वसनयंत्र, जिना, धूर भरलेली खोली हे सगळं शिकतो. आत शिरून माणूस बाहेर काढणं हा त्याचा धर्म. त्या धर्मापायी या शहराने मोठी किंमत मोजली आहे. 14 एप्रिल 1944 ला गोदीतल्या स्फोटात 66 जवान गेले, 2015 मध्ये काळबादेवीच्या आगीत चार वरिष्ठ अधिकारी गेले. त्यांच्या धैर्याबद्दल बोलायची माझी पात्रता नाही. पण डोंगरावर तोच धर्म उलटा पडतो. तिथे पाणी पोचत नाही. आग विझते ती तिच्या पुढचं गवत काढून घेतल्याने. तिथे आत शिरायचं नसतं, कडेने चालायचं असतं, जळून गेलेल्या बाजूला पाय ठेवून. परत यायची वाट आधी ठरवायची असते आणि मग फांदी उचलायची असते. जमिनीचा चढ दर 10 अंशांनी वाढला की आगीचा वर चढायचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ठोकताळा जगभर वापरला जातो. इमारतीच्या आगीत त्याची गरज पडत नाही.

त्यात मुंबईचं स्वतःचं एक गणित आहे. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे. बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव या बाजूंचे उतार पश्चिमेला तोंड करून आहेत. म्हणजे उन्हाने गवत सर्वांत कोरडं झालेल्या वेळेला वारा आणि चढ दोघेही आगीला एकाच दिशेने, वर ढकलतात. रात्री वारा पडतो, मग जमिनीकडून उलटा वाहू लागतो, आणि संध्याकाळी निवांत वाटलेली कड पहाटे दुसऱ्याच अंगाने पेटू शकते. मुलुंड-ठाण्याच्या बाजूला हेच चित्र उलटं. पाड्यांवरच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. शहरातल्या केंद्रातून दोन वर्षांनी बदली होऊन आलेल्या जवानाला ते सांगावंच लागतं, आणि सांगायची व्यवस्था हवी.

उलट बाजूही तितकीच खरी. वनरक्षकाला आणि वॉचरला रान कळतं, पण या रानातून उच्चदाबाच्या वीजवाहिन्या जातात. दाट धूर तारांपर्यंत पोचला तर त्यातून वीज जमिनीकडे झेपावू शकते, म्हणून तारांखाली उभं राहायचं नसतं. रानाच्या कडेला दाटीवाटीची वस्ती आहे, घरोघरी गॅसचे सिलिंडर आहेत. कुठली गल्ली आधी रिकामी करायची, तापलेल्या सिलिंडरचं काय करायचं, भाजलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत काय द्यायचं, हे अग्निशमन दलाचं ज्ञान आहे. डिसेंबर 2018 मध्ये चित्रनगरीजवळच्या डोंगरावर आग भडकली तेव्हा एका अंगाला आयटी पार्क आणि वस्ती होती, दुसऱ्या अंगाला बिबट्यांचं रान. अशी आग कुठल्या एका खात्याच्या पुस्तकात बसत नाही.

भाषासुद्धा एक नाही. वन विभाग जागा सांगतो ती कक्ष क्रमांकाने आणि बीटने, म्हणजे वनरक्षकाच्या गस्तीच्या हद्दीने. अग्निशमन दल सांगतं ते रस्त्याच्या आणि इमारतीच्या नावाने. पाड्यावरचा माणूस सांगतो ते ओढ्याच्या, टेपाच्या, एखाद्या काटेसावरीच्या नावाने. तिघेही बरोबर असतात आणि तिघांनाही एकमेकांचं कळत नाही. वायरलेस जोडून दिले म्हणून हा प्रश्न सुटणार नाही.

हे सगळं फक्त मुंबईचं नाही. 8 एप्रिल 2021 ला गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर जळून मेले. त्याआधी फेब्रुवारी 2020 मध्ये केरळात त्रिशूर जिल्ह्यात तीन वॉचर गेले. 13 जून 2024 ला उत्तराखंडात बिनसरच्या अभयारण्यात आगीकडे निघालेल्या गाडीतले चौघे त्याच दिवशी गेले. एक बीट अधिकारी, एक फायर वॉचर, एक रोजंदारी मजूर, एक प्रांतीय रक्षक दलाचा जवान. एकाच गाडीतून गेलेली ही चार माणसं आणि चार वेगळ्या नेमणुका. कुणाचा पगार, कुणाची मजुरी, कुणाचं मानधन. आग त्यांच्यासाठी एकच होती, पण तिची तयारी एकाच वर्गात बसून केलेली असणं शक्यच नव्हतं, कारण असा वर्ग नाही.

अमेरिकेने या दुखण्यावर एक व्यवस्था बसवली आहे. तिची नक्कल करावी असं मी म्हणत नाही, पण ती समजून घेण्यासारखी आहे. तिथेही जंगल एकाचं नाही. वनसेवा वेगळी, राष्ट्रीय उद्यानं वेगळी, मूळनिवासी जमातींच्या जमिनी वेगळ्या, प्रत्येक राज्याचं खातं वेगळं. 1976 मध्ये या यंत्रणांनी मिळून नॅशनल वाइल्डफायर कोऑर्डिनेटिंग ग्रुप उभा केला. ते नवं खातं नव्हतं. आपापली माणसं नेमण्याचा आणि त्यांना पात्र ठरवण्याचा अधिकार प्रत्येक यंत्रणेकडेच राहिला. एकच गोष्ट समाईक झाली, ती म्हणजे कुठल्या कामाला किती आणि काय यायला हवं याचं मोजमाप. ते पूर्ण करणाऱ्याला एक कार्ड मिळतं, तिकडे त्याला रेड कार्ड म्हणतात. त्यावर लिहिलेलं असतं की हा माणूस साधा आगकामगार आहे, की गटप्रमुख, की आणखी वरचा. दुसऱ्या राज्यातली आग असो, दुसऱ्या खात्याची असो, कार्ड बघितलं की कळतं.

मला यातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो तो कामाच्या वहीचा. वर्गात बसून परीक्षा दिली म्हणून वरची पायरी मिळत नाही. शिकाऊ माणसाच्या हातात एक वही देतात, तिच्यात त्या पदाची कामं लिहिलेली असतात. प्रत्यक्ष आगीवर किंवा सरावात त्याने ते काम केलं, अनुभवी माणसाने डोळ्यांनी बघितलं, तेव्हा त्या ओळीपुढे सही होते. आणि काही वर्षं त्या पदाचं काम केलंच नाही, तर पात्रता आपोआप जाते.

हेही सांगायला हवं की एवढी व्यवस्था असूनही तिथे माणसं मेली. जुलै 1994 मध्ये कोलोराडोतल्या साउथ कॅन्यनच्या आगीत 14 जण गेले. ते एका तुकडीचे नव्हते. नऊ जण एका खास पथकाचे, तीन विमानातून उडी घेणारे, दोन हेलिकॉप्टरच्या तुकडीचे. जोराचा वारा येणार असल्याचा हवामानाचा इशारा होता, तो डोंगरावरच्या माणसांपर्यंत पोचला नाही. चौकशीत आढळलं की 1957 पासून शिकवल्या जाणाऱ्या दहा मूलभूत नियमांपैकी आठ तिथे पाळले गेले नव्हते. म्हणजे कार्ड असल्याने माणूस वाचतोच असं नाही. पण कुठला नियम मोडला हे नेमकं सांगता आलं, कारण नियम सगळ्यांचे एक होते. नागझिऱ्यानंतर आपण कुठल्या नियमाशी तुलना करणार?

आता आक्षेप. पहिला हा की अमेरिकेतल्या आगी शेंड्यांवरून धावणाऱ्या, आपल्या जमिनीलगतच्या, गवत-पाचोळ्याच्या. आपल्याला एवढा डोलारा कशाला? फरक खरा आहे. पण कार्ल विल्सन नावाच्या तिकडच्याच अभ्यासकाने 1970 च्या दशकात माणसं मारणाऱ्या आगी तपासून काही समान गोष्टी काढल्या होत्या. त्या बहुतेक लहान आगी होत्या, किंवा मोठ्या आगीचा शांत वाटणारा भाग. जळत होतं ते हलकं इंधन, गवत आणि झुडपं. वारा अचानक फिरला होता, किंवा आग चढावर धावली होती. हे वर्णन आपल्याच डोंगराचं आहे. आणि आपलं इंधन नुसतं गवत नाही. 2024 मध्ये इथली कारवीची झुडपं आठ वर्षांनी फुलली. फुलून, बी धरून कारवी मरते आणि तिचे वाळके दांडे उभे राहतात. एरवी कुडाच्या भिंतींना ते कामाला आले असते, पण राष्ट्रीय उद्यानातून काही काढून नेता येत नाही. जिथे कारवी दाट, तिथे सरपण रचून ठेवल्यासारखं असतं. शिवाय घाणेरीची जाळी.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो, कारण तो माझ्या बाजूच्या लोकांचा आहे. आदिवासी माणसाला आग पिढ्यान्‌पिढ्या कळते, त्याला प्रमाणपत्राच्या दावणीला कशाला बांधता, असं ते म्हणतात. भीती रास्त आहे. आपल्याकडे पात्रता ठरवायला बसलं की पहिली अट येते दहावी पास, दुसरी वयाची, तिसरी छातीच्या मापाची. तशीच अट इथे आली तर ज्यांना आग खरोखर कळते ते वारली, मल्हार कोळी, कातकरी वॉचर पहिल्या दिवशी बाहेर जातील, आणि त्यांच्या जागी कागद असलेली, उतार न चढलेली मुलं येतील. असं कार्ड निघण्यापेक्षा ते नसलेलं बरं, हे मी मान्य करते.

पण कार्ड नसण्याची किंमत आज कोण देतंय तेही बघायला हवं. 1927 च्या भारतीय वन कायद्याचं 79 वं कलम सांगतं की ज्यांना जंगलात हक्क आहेत, ज्यांना तिथून काही घ्यायची किंवा गुरं चारायची परवानगी आहे, त्यांनी वणवा दिसला की कुणी सांगायची वाट न बघता तो विझवायला लागलं पाहिजे. ते बंधन आहे. ब्रिटिशांनी घातलं आणि आपण ठेवलं. त्या माणसाला शिकवा, जोडे द्या, त्याचा विमा उतरवा, असं बंधन कायद्याने दुसऱ्या बाजूवर घातलेलं नाही. कार्ड मिळालं तर तो माणूस कागदावर आगीचा कामगार ठरतो. मग जोडे, सुती कपडे, मजुरीचा दर, विमा, भाजला तर उपचार, या सगळ्यावर तो हक्क सांगू शकतो. सुती म्हटलं ते मुद्दाम. टेरिकॉटचा गणवेश धगीत वितळून कातडीला चिकटतो, एवढी साधी गोष्टही आज सगळ्यांना सांगितली जात नाही.

म्हणून अटी उलट्या बाजूने लिहायला हव्यात. शिक्षणाची अट नको. परीक्षा तोंडी आणि डोंगरावर, मराठीत, आणि गरज पडेल तिथे पाड्याच्या बोलीत. वारा कुठून येतोय, पळायची वाट कोणती, कुणाला पुढे पाठवायचं आणि कुणाला मागे ठेवायचं, हे विचारायचं. शारीरिक चाचणी असावी, पण पायऱ्यांची. अमेरिकेत सर्वांत कठीण चाचणीत 45 पौंड, म्हणजे 20 किलोच्या आसपास ओझं घेऊन 3 मैल 45 मिनिटांत चालावं लागतं, पण तिथेसुद्धा हलक्या कामांना हलक्या चाचण्या आहेत. टेहळणी करणाऱ्या, वायरलेसवर बसणाऱ्या बाईला किंवा पन्नाशीतल्या माणसाला ते ओझं उचलायला लावण्याचं कारण नाही. आणि अनुभवातून आलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र द्यायची पद्धत आपल्याकडे आधीच आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत गवंडी, सुतार यांना तशी प्रमाणपत्रं मिळतात. जाळरेषा काढणाऱ्याला का नाही?

खात्यांचा आक्षेप वेगळा असतो. आमची माणसं आम्ही शिकवू, बाहेरच्यांनी लुडबुड करू नये. तर शिकवा तुम्हीच. वन विभागाच्या माणसांसाठी कुंडल आणि चंद्रपूरच्या प्रबोधिनी आहेत, शहरी जवानांसाठी सांताक्रूझच्या विद्यानगरीत राज्याची अग्निशमन अकादमी आहे, नागपूरला राष्ट्रीय महाविद्यालय आहे. कुणाच्याही हातातून काही काढून घ्यायचं नाही. दोन्हीकडे समान असा एक आठवड्याचा भाग घाला, वणव्यासाठीचा, आणि त्याचा अर्धा वेळ दुसऱ्या खात्याच्या माणसाने शिकवावा. वीजवाहिन्या आणि सिलिंडर जवानाने, वारा आणि उतार वॉचरने. स्वयंसेवकांसाठी आपदा मित्र योजनेचं बारा दिवसांचं प्रशिक्षण आहेच, त्यात रानाच्या कडेच्या वस्त्यांसाठी दोन दिवस वणव्याचे हवेत. आपत्तीच्या वेळी कोण कुणाच्या आज्ञेत, याची चौकट राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 मध्येच लिहून ठेवली आहे. तिच्यात कुठली खुर्ची कुणाची हे आहे, त्या खुर्चीत बसणाऱ्याला वणव्यातलं काय यायला हवं हे भरायचं राहिलंय. रान दोन जिल्ह्यांत असल्याने हे एका जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर सुटणार नाही, राज्य प्राधिकरणालाच करावं लागेल.

सुरुवात फार मोठी नको. एक समाईक नकाशा, ज्यावर कक्ष क्रमांक, रस्त्याचं नाव आणि पाड्याने ठेवलेलं नाव तिन्ही छापलेली असतील. तीनच पायऱ्या: कामगार, गटप्रमुख, आगप्रमुख. आणि जानेवारीत, जाळरेषा जाळायच्या दिवशीच, या सगळ्या यंत्रणांची माणसं मिसळून केलेले गट. आग तर तशीही पेटवायचीच असते, माणसं कडेला उभी करायचीच असतात. तोच सराव, तोच वर्ग, तीच परीक्षा. वेगळा खर्च फारसा नाही.

ज्याने त्या दुपारी मुलांना उतारावरून खाली बोलावलं, तो वॉचर आता साठीला आलाय. अजून हंगामावर येतो, हजेरीपटावर अंगठा उठवतो. पहिल्या वर्षी कामाच्या वहीवर सह्या करायला अनुभवी माणसं आणायची कुठून, असं कुणी विचारेल. त्या वहीवर सहीच्या जागी अंगठा चालेल असं एकदा ठरवून टाका, आणि तो रानात येतोय तोवर ती त्याच्या हातात द्या.